नस्ती किती दिवस पडली ते नको, किती वेळा परत आली ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राज्य शासनाच्या एका विभागात तुम्ही नुकत्याच उपसचिव म्हणून रुजू झाला आहात. तिथे ई-ऑफिस (नस्त्या, म्हणजे फायली, संगणकावर चालवायची प्रणाली) येऊन दोन वर्षं झाली. नस्त्या स्कॅन झाल्या, अधिकाऱ्यांना डिजिटल सह्या मिळाल्या, कपाटं रिकामी झाली. तरी प्रकरण निकाली निघायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. सचिवांनी अंतर्गत कामकाजाच्या डिजिटायझेशनचा आराखडा पंधरा दिवसांत मागितला आहे आणि एका कंपनीचा नव्या सॉफ्टवेअरचा प्रस्तावही टेबलावर आहे. सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सहायक म्हणून नोकरीला लागलो. कार्यासनावर, म्हणजे ठरावीक विषयांचं काम पाहणाऱ्या टेबलावर, बसून हाताने टिपण्या लिहिल्या, पुढे कक्ष अधिकारी आणि अवर सचिव झालो, आणि नोकरीची शेवटची काही वर्षं विभागाविभागांत ई-ऑफिस बसवण्याच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: नवं सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. आहे त्या प्रणालीत प्रत्येक नस्तीच्या हालचालींचा तारीख-वेळेसह तक्ता असतो. गेल्या वर्षभरात निकाली निघालेल्या चाळीस-पन्नास नस्त्या निवडा, त्यांचे तक्ते छापून घ्या आणि लाल पेन घेऊन एकच गोष्ट मोजा. नस्ती वरून खाली किती वेळा आली?

एका विभागात आम्ही हेच केलं. त्यातलं एक प्रकरण मला अजून आठवतं. जिल्ह्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीची हृदयशस्त्रक्रिया झाली होती आणि त्या खर्चाच्या प्रतिपूर्तीचा (भरपाईचा) प्रस्ताव विभागाकडे आला होता. रक्कम मोठी नव्हती, नियम 1961 पासूनचे. वादाचा मुद्दा एकही नव्हता. सहायक कक्ष अधिकाऱ्याने टिपणी लिहिली, कक्ष अधिकाऱ्याने पुढे मार्क केली, अवर सचिवांनी परत पाठवली: ‘अवलंबित्वाचे प्रमाणपत्र दिसत नाही.’ जिल्ह्याला पत्र गेलं. प्रमाणपत्र यायला तीन आठवडे लागले. नस्ती पुन्हा वर चढली. या वेळी उपसचिवांकडून खाली आली: ‘रुग्णालय मान्यताप्राप्त आहे काय?’ याचं उत्तर पृ. 31/प.वि. वर, म्हणजे पत्रव्यवहार विभागाच्या पान 31 वर, होतंच. पण जिल्ह्याकडून आलेला सगळा प्रस्ताव चाळीस पानांची एकच पीडीएफ म्हणून चढवलेला होता. ना सूची, ना पताका (पान दाखवणाऱ्या चिठ्ठ्या), आणि पानंही स्कॅन करताना मागेपुढे झालेली. सहायकाने पान शोधलं, तसं टिपणीत लिहिलं आणि नस्ती पुन्हा वर पाठवली. मग वित्त शाखेकडून आली: ‘उपचारासाठी अग्रिम घेतला होता काय?’ पुन्हा जिल्ह्याला पत्र. शेवटी मंजुरी मिळाली तेव्हा त्या कर्मचाऱ्याने रुग्णालयाचं बिल भागवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे कितीतरी हप्ते भरून झाले होते.

या नस्तीवर सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष काम केलं, त्याची बेरीज केली तर एक सकाळ भरली असती. बाकीचा सगळा वेळ फेऱ्यांचा.

कागदी नस्तीच्या काळातही फेऱ्या होत्याच. पण एक फरक होता आणि तो मला फार उशिरा कळला. नस्ती परत पाठवायची तर शिपायाला बोलवावं लागे, नोंदवहीत नोंद व्हायची आणि गठ्ठा दोन मजले खाली जायचा. या त्रासामुळे साहेब पुष्कळदा सहायकालाच वर बोलवत, ‘ते प्रमाणपत्र कुठं आहे रे’ म्हणून तोंडी विचारत आणि जागेवर सही करत. आता परत पाठवणं म्हणजे एक क्लिक. क्वेरी, म्हणजे शंकेचा शेरा, काढायला श्रमच नाहीत, म्हणून क्वेऱ्या वाढल्या. शिवाय आपल्या इनबॉक्समध्ये नस्ती दिसू नये असं सगळ्यांनाच वाटतं, कारण प्रलंबित नस्त्यांचा अहवाल तिथूनच निघतो. महिनाअखेरीस नस्त्या खाली ढकलल्या जातात. अहवालात विभाग चकाचक दिसतो आणि प्रकरण तिथल्या तिथेच असतं. तुमच्याकडेही हेच चाललं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. तक्ते काढलेत की दिसेल.

आम्ही त्या विभागात पुढची पायरी अशी घेतली. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या वर्षभरातल्या सगळ्या नस्त्यांवरचे क्वेरीचे शेरे एका तक्त्यात उतरवून काढले. शब्द वेगवेगळे, अधिकारी वेगवेगळे, पण प्रश्न मोजून नऊ निघाले. तेच नऊ प्रश्न वर्षभर सगळे एकमेकांना विचारत होते. मग ते एका पानावर लिहून जिल्हा कार्यालयांना दिले. या नऊंची उत्तरं आणि प्रत्येक उत्तरापुढे पुराव्याचा पान क्रमांक असल्याशिवाय टपाल शाखेने प्रस्ताव नोंदवून घेऊन कार्यासनाकडे द्यायचाच नाही. अपुरा प्रस्ताव त्याच दिवशी परत जाईल आणि त्यात कोणता प्रश्न राहिला ते लिहिलेलं असेल. टिपणीचा नमुनाही त्याच नऊ ओळींचा केला. जोडपत्रं एका पीडीएफमध्ये न कोंबता प्रत्येक कागद वेगळा आणि नावासह चढवायचा, म्हणजे टिपणीतल्या दुव्यावरून साहेब थेट त्याच कागदावर जातील. या कामाला एक रुपयाही लागला नाही. लागल्या त्या दोन बैठका आणि वित्त शाखेतल्या अधिकाऱ्याचा होकार. दुसऱ्या बैठकीत त्यांनी स्वतःच दहावा प्रश्न सुचवला. तोही आम्ही घेतला.

प्रत्येक विभागात अशी पाच-सहा प्रकारची प्रकरणं असतात आणि कार्यासनावरचं बरंचसं काम तीच व्यापतात: प्रतिपूर्ती, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ (बढती नसली तरी मिळणारी वरची वेतनश्रेणी), निवृत्तिवेतन, अनुदानाचे हप्ते, प्रशासकीय मान्यता, न्यायालयीन प्रकरणांतली शपथपत्रं. डिजिटायझेशनची सुरुवात या पाच-सहांपासून करा. धोरणात्मक नस्त्यांना हात लावू नका. तिथे विचाराला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा.

आता स्तरांचं. नस्ती सहायक कक्ष अधिकाऱ्याकडून निघते. पुढे कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, मग राज्यमंत्री आणि मंत्री. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005चा अधिनियम आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे न जाणारं प्रकरण पंचेचाळीस दिवसांत आणि जाणारं तीन महिन्यांत निकाली निघायला हवं. आता हिशेब करून बघा. आठ टेबलं, प्रत्येकाने कायद्यात बसणारे सात दिवस घेतले तर छप्पन्न कामकाजाचे दिवस झाले. म्हणजे कुणी एकानेही कायदा न मोडता पंचेचाळीस दिवसांची मुदत मोडता येते. एकही फेरी न होता ही स्थिती. प्रत्येक टेबलावरचा वेळ मोजत बसण्यात अर्थ नाही असं मी म्हणतो ते म्हणूनच.

केंद्रात प्रशासकीय सुधारणा विभागाने नस्तीचा प्रवास चार स्तरांपेक्षा जास्त नसावा असा आग्रह धरला आणि मंत्रालयांकडून अधिकार खाली देण्याचे आदेश काढून घेतले. तुमच्याकडे हे करायचं तर कागद नीट समजून घ्या. कोणता निर्णय कोणी घ्यायचा याचं मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 खालच्या कार्यनियमावलीत आहे. ते सॉफ्टवेअरने बदलत नाही आणि उपसचिवाच्या परिपत्रकानेही बदलत नाही. पण त्या चौकटीत मंत्री आपल्या विभागातले नेहमीचे निर्णय सचिव, उपसचिव किंवा अवर सचिव पातळीवर सोपवू शकतात. बहुतेक विभागांत असा आदेश आधीचाच असतो, फक्त जुना आणि विसरलेला. त्यातल्या रकमांच्या मर्यादा काळाच्या मागे पडलेल्या असतात, म्हणून सगळंच वर जातं. तो आदेश शोधून काढा. आराखड्यातलं सर्वांत मोलाचं पान तेच ठरू शकतं. आदेश सुधारला की मगच ई-ऑफिसमध्ये त्या प्रकारच्या नस्तीचा मार्ग बदला. उलट्या क्रमाने केलंत तर चार दिवसांत नस्ती जुन्याच वाटेने जायला लागेल, कारण ‘साहेबांना दाखवलेलं बरं’ ही सवय आदेशाशिवाय सुटत नाही.

एस्टोनियाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला नेमका मुद्दा बाजूला राहतो. तिथे 2000 साली मंत्रिमंडळाचं काम संगणकावर गेलं आणि चार-पाच तासांच्या बैठका अर्ध्या तासावर आल्याचं सांगतात. पडद्यावर कागद दिसल्याने वेळ वाचला नाही. प्रत्येक मंत्री बैठकीआधीच विषयावर हरकत आहे की नाही, बोलायचं आहे की नाही ते नोंदवून ठेवतो. ज्या विषयाला कुणाचीच हरकत नाही तो चर्चेविना मंजूर होतो. तिथे आधी काम करण्याची रीत बदलली.

वित्त, विधी व न्याय, सामान्य प्रशासन या विभागांचे अभिप्राय आपण अनौपचारिक संदर्भाने, म्हणजे वेगळं पत्र न लिहिता नस्तीच पाठवून, एकामागून एक घेतो. आधी नस्ती वित्तकडे. ती परत आली की विधीकडे. ई-ऑफिसमध्ये भाग-नस्ती (मूळ नस्तीची तात्पुरती जोडनस्ती) काढून दोघांकडे एकाच वेळी पाठवता येते आणि नंतर मूळ नस्तीत एकत्र करता येते. विधी विभागाचं मत वित्तच्या मतावर अवलंबून नसेल तेव्हाच हे करा, नाहीतर दोन परस्परविरोधी अभिप्राय हातात घेऊन बसावं लागतं. आणि ‘चर्चा करावी’ या शेऱ्याला मुदत घाला. हा शेरा पडला की नस्ती कागदोपत्री कुणाकडेच प्रलंबित नसते, सगळे फक्त वेळ मिळण्याची वाट बघतात. तीन दिवसांत चर्चा झाली पाहिजे आणि चर्चेत काय ठरलं ते दोन ओळींत टिपणीत आलंच पाहिजे, एवढं तुम्ही स्वतः पाळलंत तरी खालचे पाळतील.

ई-ऑफिसमधल्या पिवळ्या आणि हिरव्या टिपणीचाही उपयोग करून घ्या. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची. कायम केली की ती हिरवी होते आणि मग तिच्यात कुणालाही बदल करता येत नाही. व्याकरण, तारीख, रकमेची चूक अशा दुरुस्त्यांसाठी नस्ती खाली पाठवायची गरज नाही, पिवळ्या टिपणीत वरच्याने दुरुस्त करावी. मतभेद असेल तर मात्र असं करू नका. सहायकाने ‘मान्य करता येणार नाही’ लिहिलं असेल तर ते तसंच हिरव्यात कायम होऊ द्या आणि तुमचं वेगळं मत खाली लिहा. माहितीच्या अधिकारात टिपण्याही मागितल्या जातात, आणि दहा वर्षांनी चौकशी लागली तर त्या सहायकाला वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे त्याची मूळ टिपणी.

स्कॅनिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच जातो. 21 जून 2012 ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळाले. माणसं गेली. असंख्य नस्त्यांची राख झाली. त्यानंतर कितीतरी प्रकरणं जिल्ह्यातल्या आणि संचालनालयातल्या प्रतींवरून पुन्हा उभी करावी लागली. त्या दिवसानंतर स्कॅनिंगला विरोध करणारं कुणी उरलं नाही, आणि ते योग्यच झालं. पण भीतीपोटी केलेलं स्कॅनिंग आणि कामासाठी केलेलं स्कॅनिंग यांत फरक असतो. भीतीपोटी सगळंच स्कॅन होतं: रद्दी, दुय्यम प्रती, पोहोचपावत्या, तीनदा आलेलं तेच स्मरणपत्र. मग साठवण भरते आणि हवा तो कागद सापडत नाही.

आपल्याकडे यावरचं उत्तर जुनंच आहे. ऐंशीच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमध्ये, कार्यालयाची जी घडी बसवली तिला लखिना पॅटर्न म्हणतात. सहा गठ्ठे पद्धत आजही कार्यालयांत तपासली जाते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. शिवाय अभिलेखांचं वर्गीकरण आहेच. ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा वर्षं, ‘क1’ पाच वर्षं, ‘ड’ एक वर्ष. स्कॅनरला हात लावण्यापूर्वी हे वर्गीकरण पुरं करा. ‘ड’ कागद रीतसर नष्ट करा, ‘क1’ची मुदत संपली असेल तर तेही. ‘अ’ वर्गातलं स्कॅन करा. मधलं सगळं गरज पडेल तेव्हा, म्हणजे जुनी नस्ती नव्या प्रकरणात हवी झाली की त्या दिवशी. एका अभिलेख कक्षात वर्गीकरणाला काही महिने लागले, आणि त्यानंतर स्कॅन करायला जे उरलं ते पाहून ठेकेदाराला नवं अंदाजपत्रक द्यावं लागलं. वर्गीकरणाची तीच अक्षरं ई-ऑफिसमध्ये नस्ती उघडतानाच भरा. डिजिटल नस्तीलाही मुदत असते हे आपण विसरतो. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नियमाबाहेर काही पुसणं जसं चूक, तसं सगळंच अनंतकाळ साठवणंही चूक.

आणि विषय. नस्ती उघडताना विषयाच्या चौकटीत ‘संदर्भीय पत्राबाबत’, ‘अर्जाबाबत’, ‘माहिती सादर करणेबाबत’ असं लिहायची रीत आहे. कागदी नस्तीवर ते चालायचं, कारण सहायकाला गठ्ठ्याचा रंग आणि जाडीसुद्धा लक्षात असे. संगणकावर ‘अर्जाबाबत’ शोधलंत तर हजारो नस्त्या समोर येतील. मी प्रत्येक कार्यासनावर एक वाक्य चिकटवायला लावत असे: कोणाचं, कशाचं, कुठलं, कोणत्या वर्षाचं. चार गोष्टी विषयात आल्याच पाहिजेत. नवी प्रणाली बसवण्यापेक्षा या एका ओळीने जास्त काम होतं, हे मी मनापासून सांगतो.

शोधाला दुसरा अडथळा लिपीचा. आपल्याकडे वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये मजकूर टंकलिखित झाला. तो आज उघडला तर मराठीऐवजी विचित्र चिन्हांची माळ दिसते आणि त्यात शोध घेता येत नाही. युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखाच दिसणारा मजकूर) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) यांचा आग्रह शासनाने कधीच धरला, तरी काही कार्यासनांवर जुना फाँट अजून जिवंत असतो, कारण तिथल्या टंकलेखकाची बोटं टंकयंत्राच्या कळांवर बसलेली आहेत. त्याला दोष देऊ नका. इनस्क्रिप्टवर हात बसायला काही आठवडे लागतात. ते आठवडे त्याला द्या, त्या काळात त्याचं काम वाटून घ्या. आणि हल्ली फोनवर बोलून टिपणी टंकलिखित करायची पद्धत पडते आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या. सोय खरी आहे, पण बोललेला मजकूर कुठल्या सर्व्हरवर जातो हे आपल्याला ठाऊक नसतं. गोपनीय नस्तीवर तर हे अजिबात नको.

आता सर्वांत मोठा धोका, दुहेरी नस्ती. ई-ऑफिसवर नस्ती चालू आहे, पण वरच्या दालनात कागदावर वाचायची सवय आहे म्हणून प्रिंट जाते. त्या प्रिंटवर पेनाने सही होते, ती खाली येते, स्कॅन होते आणि पुन्हा चढते. काही दिवसांनी त्या प्रिंटला कुणीतरी नवा कागद जोडतं आणि तो चढवायचा राहतो. आता एकाच प्रकरणाच्या दोन नस्त्या झाल्या आणि खरी कोणती हे कुणीच सांगू शकत नाही. उच्च न्यायालयात एका प्रकरणात आम्हाला हे समजावून सांगावं लागलं होतं, तो दिवस मला पुन्हा नको. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि सही यांना मान्यता दिली, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली असा अभिलेख न्यायालयात द्यायचा तर त्याच्या हॅश मूल्यासह (मजकुरात बदल झालेला नाही हे पडताळायचा आकडा) प्रमाणपत्र लागतं. जी नस्ती अर्धी कागदावर आणि अर्धी संगणकावर आहे तिचं असं प्रमाणपत्र कोण आणि कशाच्या आधारावर देणार?

यावर उपाय तारखेची रेघ. एक तारीख ठरवा. त्यानंतर उघडणारी प्रत्येक नस्ती फक्त इलेक्ट्रॉनिक. जुनी कागदी नस्ती कागदावरच संपवा किंवा पूर्ण स्कॅन करून बंद करा आणि मुखपृष्ठावर ‘ई-नस्तीत रूपांतरित’ असं तारखेसह लिहा. वरच्या दालनासाठी वाचनाचं सोपं साधन द्या, मोठा पडदा द्या, सचिवांशी स्वतः बोलून पहिले पंधरा दिवस सोबत बसायला एक जाणकार सहायक द्या. वरिष्ठ नाखूष असतात ते पुष्कळदा डोळ्यांच्या त्रासामुळे आणि पान उलटून मागचं पाहता येत नाही म्हणून. मान जपून मदत केली तर बहुतेक जण वळतात.

डिजिटल सहीच्या डोंगलबद्दल, म्हणजे सही साठवलेल्या, संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणाबद्दल, मला कडक बोलायचं आहे. साहेबांचं डोंगल स्वीय सहायकाच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड चिठ्ठीवर, हे चित्र मी फार ठिकाणी पाहिलं. सगळे विश्वासाने करतात, कुणाच्या मनात पाप नसतं. पण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 42 प्रमाणे सहीची गुप्त कळ सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर सही आहे त्याचीच. ‘मी सही केलीच नव्हती’ हे नंतर सांगता येत नाही. रजेवर असताना काम अडू नये म्हणून डोंगल ठेवून जाऊ नका, कार्यभार रीतसर सोपवा. प्रणालीत तशी सोय आहे. बदली किंवा निवृत्तीच्या दिवशीच खातं बंद करण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसाकडे द्या. आणि सह्यांची मुदत कधी संपते याची नोंदवही ठेवा. मार्चअखेरीस सही कालबाह्य झाली म्हणून बिल अडलं, असं एकदा झालं की वर्षभर सगळे कागदाकडे परत जातात.

एकच माहिती अनेकदा भरण्याचा त्रास हा वेगळा मोठा विषय आहे, मी थोडक्यात उरकतो. वेतन सेवार्थमध्ये, निधी बीम्सवर, नस्ती ई-ऑफिसमध्ये, शासन निर्णय संकेतस्थळावर. या प्रणाली जोडणं तुमच्या हातात नाही. पण ओळखीची खूण एकच वापरणं तुमच्या हातात आहे. कर्मचाऱ्याच्या प्रत्येक नस्तीत त्याचा सेवार्थ क्रमांक असू द्या. गावाचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव लिहाल तिथे केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड लिहा, कारण एकाच नावाची गावं राज्यात ढिगाने आहेत. शासन निर्णयाचा संदर्भ देताना त्याचा संगणक सांकेतांक द्या. तो लांबलचक आकडा कंटाळवाणा वाटतो, पण त्याची सुरुवातच वर्ष, महिना आणि दिवसाने होते आणि तो टाकला की अचूक निर्णय समोर येतो. ‘दिनांक अमुकचा शासन निर्णय’ म्हटलं की त्याच दिवसाचे चार निर्णय निघतात आणि मग पुन्हा एक क्वेरी.

तुमच्या विभागात पस्तीस वर्षं काढलेला एखादा कक्ष अधिकारी किंवा सहायक नक्की असेल. कोणतं प्रकरण यापूर्वी कधी आलं आणि तेव्हा काय ठरलं हे त्याच्या डोक्यात असतं. ई-ऑफिस आल्यावर अशा माणसाला आपण निकामी झालो असं वाटू लागतं आणि तो हळूहळू गप्प होतो. मी पाहिलेलं सर्वांत मोठं नुकसान हेच. त्याला संगणकाच्या वर्गात तरुणांच्या रांगेत बसवू नका. त्याच्याकडून स्थायी आदेश संचिका तयार करून घ्या: त्या कार्यासनाचे चालू शासन निर्णय, रद्द झालेले, न्यायालयाचे आदेश, महत्त्वाची पूर्वोदाहरणं. शेजारी एक तरुण सहायक बसवा. तो टंकलिखित करेल, दुवे लावेल. तीन महिन्यांत हाती लागेल तो खजिना कोणतीही कंपनी विकू शकत नाही. आणि त्या माणसाचा कार्यालयातला मान टिकतो.

प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका. दोनशे जण बसतात, मोठ्या पडद्यावर बटणं दिसतात, दुपारी जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. टेबलावर जाऊन, त्याच्याच चालू नस्तीवर, अर्धा तास शिकवा. आठवड्याने पुन्हा जा.

कंपनीच्या प्रस्तावाला नाही म्हणताना सचिवांना कारण द्यावं लागेल. त्यांना सांगा की सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू, आणि तेव्हाच्या अटी आत्ताच लिहून ठेवा. माहिती शासनाच्या मालकीची राहील, हवी तेव्हा सगळी बाहेर काढून देता आली पाहिजे, साठवण राज्याच्या डेटा सेंटरमध्येच असेल, युनिकोड मराठीत पूर्ण शोध चालला पाहिजे, आणि ई-ऑफिसमधली नस्ती दुसऱ्यांदा भरावी लागणार नाही. यातली एक अट जरी त्यांना जड गेली तरी तुम्हाला उत्तर मिळेल.

पंधरा दिवस आहेत, तर पहिला आठवडा हालचालींचे तक्ते आणि क्वेऱ्यांची यादी यांना द्या. दुसऱ्या आठवड्यात अधिकार प्रदानाचा जुना आदेश शोधून त्याचा सुधारित मसुदा करा. आराखड्याला ‘डिजिटल परिवर्तन’ वगैरे नाव देऊ नका. एकाच प्रकारचं एक प्रकरण घ्या, त्याच्या जुन्या फेऱ्या दाखवा, त्यातल्या कोणत्या आणि कशाने थांबतील ते लिहा, आणि जिल्ह्यांना द्यायच्या प्रश्नांचं ते एक पान सोबत जोडा. सचिवांनी तेवढं मान्य केलं तर दुसऱ्याच दिवशी ते पान जिल्ह्यांना रवाना करा. दुसऱ्या प्रकारच्या प्रकरणाला पहिल्याच्या तीन महिन्यांच्या नस्त्या पुन्हा मोजून झाल्यावरच हात घाला.